मी दिलेली साक्ष आणि बबीन्याचा रणगाडा

गाडी स्टेशनात उभी असताना चाकांवर हातोडी ठोकत जाणारा एक माणूस तुम्ही कधीतरी खिडकीतून पाहिला असेल. त्याच्याकडे कुणी नीट बघत नाही. चहावाल्याकडे बघतात, हमालाकडे बघतात, आणि याच्याकडे बघतात ते हा गाडीला उशीर करतोय म्हणून. झाशीला तेहेतीस वर्षं तो माणूस मी होतो. कागदोपत्री ट्रेन एक्झामिनर, लोकांच्या तोंडी टी.एक्स.आर. बाबू.

संपादकबाईंनी माझ्याकडून रेल्वेतल्या गमती मागवल्या होत्या. "काका, वाचून लोक हसले पाहिजेत," असं बजावलंही होतं. मी हो म्हटलं, कारण गमतींना माझ्याकडे तोटा नाही. निम्मा लेख लिहून झाला होता. मग एका रविवारी नातीबरोबर बबीन्याला गेलो आणि परत आल्यावर तो निम्मा लेख फाडून टाकला. बाईंनी मला माफ करावं. छापायचं नसेल तर तसंही करावं, पण लिहायचं तर मला आता हेच लिहायचं आहे.

आधी थोडं कामाविषयी सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. चाकावर हातोडी मारली की चांगलं चाक खणखणीत वाजतं आणि तडा गेलेलं चाक फुटक्या मडक्यासारखं बद्द वाजतं. चाकं झाली की ब्रेक, मग दोन डब्यांमधली जोडणी, मग मालगाडी असेल तर वाघिणींची म्हणजे मालडब्यांची दारं. सगळं ठीक असेल तर मी खडूनं वाघिणीवर खूण करायचो, कागदावर सही करायचो आणि मग गार्ड शिट्टी वाजवायचा. माझा खडू लागल्याशिवाय गाडी हलत नसे. एवढी सत्ता कलेक्टरलाही नसते, असं मी घरी म्हणायचो. माझी बायको सुमन म्हणायची, "मग त्या सत्तेनं जरा दळण आणून टाका."

या कामात एक गोष्ट हाडांत मुरते. रेल्वेत जे खाली पडलेलं असतं, ते बंद असतं. वाघिणीच्या दाराची खीळ आपल्या वजनानं खाली पडते, म्हणजे दार बंद. हातब्रेकचा दांडा खाली दाबून अडकवलेला असतो, म्हणजे ब्रेक लागलेला. गाडीला सारखे हिसके बसतात, म्हणून जुन्या लोकांनी सगळं असं बेतलं होतं की हिसक्यानं वस्तू खालीच जावी आणि खाली गेली की सुरक्षित व्हावी. दोन-चार वर्षांत हे इतकं अंगवळणी पडतं की तपासताना डोकं चालवावं लागत नाही, नजर आपोआप फिरते. याचा मला अभिमान होता. आज तो शब्द लिहितानाही कसंतरी होतं.

आमचं घर खंडेराव गेटाजवळ. पूर्वज मराठ्यांच्या फौजेबरोबर आले आणि इथंच राहिले. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी आणि बुंदेली. आमची मराठी ऐकून पुण्याचे पाहुणे ओठ दाबून हसतात, ते आम्हाला माहीत आहे. फौजेशी आमच्या घराण्याचा संबंध नंतर उरला नाही, तो माझ्या नोकरीनं पुन्हा जोडला, कारण झाशीच्या दक्षिणेला बबीन्याची छावणी आहे आणि तिथं रणगाडे आहेत. रणगाडा लांबच्या पल्ल्याला स्वतःच्या पायांनी जात नाही, रेल्वेनं जातो. सपाट वाघिणी धक्क्याला लावायच्या, त्यांवर एकेक रणगाडा चढवायचा, पट्ट्यांखाली लाकडी पाचरी ठोकायच्या, तारेच्या दोरांनी आवळायचं. हे काम फौजेचे लोक करत. मग तपासायला आम्ही.

रणगाड्याच्या बाबतीत एक गोष्ट फार महत्त्वाची. वरचा घुमट तोफेसकट गोल फिरतो. प्रवासात तो फिरला तर तोफेची नळी आडवी होते आणि रुळांच्या बाजूला जे काही असेल ते झोडपत जाते. म्हणून तोफ मागच्या बाजूला वळवायची, नळी मागच्या आधारात बसवून बांधायची आणि घुमटाच्या आतलं कुलूप लावायचं. कुलूप म्हणजे किल्लीचं नव्हे, आत एक लिव्हर असतो, त्यानं घुमट जागच्या जागी जखडला जातो.

यावरून एका कर्नलसाहेबांशी माझं वाजलं होतं. तोफ मागे वळवलेली पाहून ते भडकले. म्हणाले, "मेरी रेजिमेंट पीठ दिखाकर नहीं जाती." मी म्हटलं, "साहब, रेजिमेंट जैसे चाहे जाए, तोप पीछे ही जाएगी." अर्धा तास गाडी उभी. शेवटी मी तोडगा काढला. सगळे रणगाडे उलटे चढवून घेतले, की तोफांची तोंडं आपोआप पुढं. तोफा रणगाड्यांच्या मागच्याच बाजूला होत्या आणि आता रेजिमेंटच पाठमोरी चालली होती, हे कर्नलसाहेबांच्या लक्षात यायला झाशी गाठावी लागली. अशा गमती मी लिहिणार होतो.

नियमाप्रमाणे मी फक्त बाहेरून बघायचं होतं. नळी मागे आहे, दोर घट्ट आहेत, पाचरी ठोकलेल्या आहेत, बस. आतलं फौजेनं बघायचं. पण मला कुठलं तेवढ्यावर चैन. मी रणगाड्यावर चढायचो, वरचं झाकण उघडायला लावायचो, टॉर्च आत मारून लिव्हर बघायचो आणि हातोडीचा दांडा लावून तो हलत नाही ना याची खात्री करायचो. लिव्हर खाली असला की बंद. बबीन्याच्या सगळ्या रणगाड्यांत तसंच होतं. रेल्वे आणि फौज, दोघांचंही खाली म्हणजे बंद, हे पाहून मला फार बरं वाटायचं. जवान माझी टिंगल करायचे, "बाबूजी, अंदर बैठ के चलाओगे क्या?" पण माझे वरिष्ठ नव्या पोरांना सांगायचे, काम कसं करावं ते या दामल्याकडून शिका.

एकाहत्तरच्या लढाईला दोन-अडीच वर्षं झाली असतील तेव्हाची गोष्ट. शत्रूकडून हाती लागलेला एक रणगाडा बबीन्याहून उत्तरेकडे कुठल्याशा समारंभात मांडायला न्यायचा होता. गाडीत तो एकटाच, बाकी साधा माल. मागचा लोखंडी आधार लढाईत तुटलेला, म्हणून नळी नुसत्या दोरानं बांधली होती. चढवणारी टोळी आपलं काम करून निघून गेली होती. मी चढलो, झाकण उघडवलं, टॉर्च मारली. लिव्हर खाली पडलेला. हातोडीचा दांडा लावला, हलला नाही. ठीक. झाकणाला कुलूप घालून किल्ली राखणीला दिलेल्या शिपायाच्या हातात ठेवली, वाघिणीवर खडू ओढला आणि घरी जेवायला गेलो.

तो शिपाई म्हणजे हरदयाल. बावीस-तेवीस वर्षांचा, बरुआसागरकडचा. रणगाड्यांशी त्याचा काही संबंध नव्हता, साधा पहाऱ्याचा जवान. त्याचं काम एवढंच, की वाटेत कुणी रणगाड्याला हात लावू नये.

झाशी सोडून गाडी तीन-चार स्टेशनं पुढं गेली आणि एका वळणावर नळीचा दोर तुटला. घुमट फिरला. पुढच्या स्टेशनात शिरताना नळी बाहेर आलेली होती. इंजिनात पाणी भरायचा उंच खांब तिनं मुळापासून उपटला, फलाटावरची पत्र्याची शेड अर्धी ओढून नेली आणि शेडखालचा बाक चेचून टाकला. भर दुपार होती, म्हणून बाकावर कुणी नव्हतं. एकाही माणसाला खरचटलं नाही. तपासणीला गेलो तेव्हा तो बाक मी पाहिला.

चौकशी झाशीतच झाली. टेबलापलीकडे फौजेचे दोन अधिकारी, आमचे एक साहेब. कोपऱ्यात हरदयाल उभा. घुमटाचं कुलूप उघडं सापडलं होतं. प्रश्न एकच होता, बबीन्याहून निघताना ते लावलेलं होतं की नव्हतं.

त्या दोघांतल्या मेजरसाहेबांनी मला विचारलं, "लॉक लगा था?"

"लगा था, साहब."

"आपने सुना कि लगा था, या देखा?"

"टॉर्च मारकर अपनी आँखों से देखा. हथौड़ी लगाकर देखा."

"कोई शक?"

"तेरह साल की नौकरी में मेरी खड़िया पर किसी ने शक नहीं किया, साहब."

हे वाक्य मला अजून शब्दन् शब्द आठवतं, कारण पुढं कित्येक वर्षं मी ते लोकांना ऐकवलं. लिव्हर वर होता की खाली, हे मला कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. लावलेलं होतं, एवढंच सांगितलं. रेल्वेचा माणूस नियमापलीकडे जाऊन रणगाड्यात डोकावतो, याचंच मेजरसाहेबांना इतकं कौतुक वाटलं, की त्यांनी कागदावर काहीतरी लिहून पेनाचं टोपण लावून टाकलं.

मग हरदयालला विचारलं. त्यानं खरं ते सांगितलं. वाटेत गाडी थांबली तेव्हा त्यानं झाकणाचं कुलूप काढून ते उघडलं होतं. कशाला, तर रणगाडा आतून कसा असतो हे त्यानं कधी पाहिलं नव्हतं. "बस झाँक के देखो हतो, साब. हाथ नईं लगाओ." नुसतं वाकून पाहिलं, हात लावला नाही, एवढंच त्याचं म्हणणं. झाकण उघडल्याचं त्यानं सांगितलं नसतं तर कुणाला कळलंही नसतं. पण सांगितलं, आणि मग काही उरलंच नाही. निघताना घुमटाचं कुलूप लावलेलं होतं असं रेल्वेचा बाबू छातीठोकपणे सांगतो, किल्ली या एकट्याकडे, झाकण यानंच उघडलं. याला फौजेतून काढणार हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला कळलं.

आठवडाभरानं तो आमच्या घरी आला. पत्ता कुठून काढला कोण जाणे. मी जेवून आडवा झालो होतो. दारात उभा राहून म्हणाला, "बाबूजी, आप बस इत्ती कै दो, के सायद देखबे में चूक हो गई. सायद. हमाए बाप ने सबरे गाँव खों बताई है के मोड़ा फौज में है. हम कौन मों लैकें जाएँ?" पोरगा फौजेत आहे असं बापानं गावभर सांगितलेलं, आता कुठलं तोंड घेऊन जाऊ, असं तो विचारत होता.

मला राग आला. खरं सांगतो, दया नाही आली, राग आला. स्वतःची चूक झाकायला हा मला खोटं बोलायला सांगतोय, असं वाटलं. मी म्हटलं, "भैया, मैंने जो देखा वही बोला. झूठ मैं नहीं बोलता." त्यानं हात जोडले. मग "जय राम जी की" म्हणून पायऱ्या उतरून गेला. त्याला फौजेतून काढल्याचं पुढं महिनाभरानं ऐकलं. मला वाईट वाटलं, पण जसं दुसऱ्याच्या घरचं वाईट वाटतं तसं. निवृत्तीच्या दिवशी हार घालून भाषण करायला लावलं, तेव्हा हाच किस्सा सांगितला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

आता त्या रविवारचं सांगतो. बबीन्याच्या छावणीत जुने रणगाडे आणि चिलखती गाड्या मांडून ठेवल्या आहेत, अधूनमधून लोकांना बघायला सोडतात. माझी नात ऋचा एलाइट चौराह्यावर एका कॉम्प्युटरच्या दुकानात काम करते. तिला मराठी सगळी कळते, पण बोलायची वेळ आली की हिंदीवर येते. तीच म्हणाली, "आजोबा, चलो ना, आपके पुराने दोस्तों से मिलवा लाती हूँ."

आत शिरल्यावर मी खरोखरच खूश झालो. सिमेंटच्या ओट्यांवर एकेक रणगाडा, नवा रंग लावलेला, कडेनं चुन्यानं रंगवलेल्या विटा. ज्यांच्या पोटाखाली मी पाचरी तपासल्या होत्या, त्यांच्यासमोर आता नावाच्या पाट्या होत्या. मी ऋचाला दाखवत होतो, हा रुंदीला जास्त भरायचा, याला नेताना शेजारच्या रुळावरची गाडी थांबवावी लागायची. तिला किती कळत होतं कोण जाणे, पण ती फोटो काढत होती.

शेवटच्या ओट्यावर तो होता. मागचा आधार तुटलेला, तसाच. मी लांबूनच ओळखला. बाजूला लोखंडी जिना करून वर चढायची सोय होती आणि झाकणातून आत बघता यावं म्हणून आत दिवा लावला होता. एक हवालदार माहिती सांगत होता, पंधरा-वीस माणसं ऐकत होती. तो म्हणाला, "अब एक मज़े की बात सुनिए. हमारी गाड़ियों में यह लीवर नीचे हो तो गुंबद बंद. इसमें उलटा है. ऊपर हो तो बंद, नीचे हो तो खुला. इसी चक्कर में एक बार एक सिपाही ने रेलगाड़ी में इसे खोल दिया. तोप घूम गई और स्टेशन का पानी का खंबा उखाड़ लाई." लोक हसले. ऋचाही हसली.

मी हसलो नाही. पहिल्यांदा मला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. मग जिना चढलो. कसा चढलो ते आठवत नाही, एरवी मला घरातल्या चार पायऱ्या जड जातात. आत वाकून पाहिलं. लिव्हर वर होता. मी हवालदाराला म्हटलं, "इसे नीचे कीजिए." तो म्हणाला, "बाबूजी, नियम नहीं है." मी पुन्हा म्हटलं, आणि माझ्या तोंडाकडे बघून त्यानं काय ओळखलं कोण जाणे, आत उतरून त्यानं लिव्हर खाली ओढला. तो खट्ट करून खाली बसला आणि तिथं पक्का राहिला. अगदी असाच. हातोडीचा दांडा लावला असता तर हलला नसता. मी त्या दिवशी पाहिला तो हाच, याच जागी, खाली, पक्का, आणि उघडा.

"बाहर से तोप को ज़रा धक्का दीजिए," मी खालच्या दोघा तिघांना म्हटलं. त्यांनी नळीला खांदा लावला आणि घुमट कुरकुरत वीतभर सरकला.

मी पुन्हा आत वाकलो. लिव्हरच्या वर पितळेची एक छोटी पट्टी होती, तिच्यावर बाण आणि दोन शब्द कोरलेले. इंग्रजीतच होते. मी विचारलं, ही पट्टी नंतर लावली का? हवालदार म्हणाला, "नहीं बाबूजी, शुरू से है. दुश्मन की गाड़ी है, इसमें हम क्या बदलेंगे." म्हणजे माझ्या टॉर्चच्या उजेडात ती पट्टी तेव्हाही होती. मी ती वाचली नाही. वाचायची गरजच वाटली नाही, कारण खाली म्हणजे काय ते मला माहीत होतं.

मी खाली येऊन ओट्याच्या कडेला बसलो. ऋचा घाबरली, पाण्याची बाटली तोंडाला लावायला लागली. घुमटाचं कुलूप कधी लावलेलंच नव्हतं. टोळीनं विसरून तसंच ठेवलं होतं, मी त्याला बंद म्हटलं होतं, आणि तो पोरगा खरं बोलत होता. चौकशीत खरं, माझ्या दारातही खरं. 'सायद' म्हणा एवढंच तर मागत होता. आणि मी नियमाप्रमाणे नुसतं बाहेरून बघितलं असतं, आत माझी हुशारी खुपसली नसती, तर मला सांगण्यासारखं काही नसतं आणि तो सुटला असता. हे विचार ओळीनं येत गेले आणि एकही थोपवता आला नाही.

थोड्या वेळानं मी हवालदाराला बाजूला बोलावलं. म्हटलं, "हवालदारजी, वह सिपाही वाला क़िस्सा अब मत सुनाइए. ग़लती उसकी नहीं थी. मेरी थी." सगळं सांगितलं. भला माणूस, त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "पर बाबूजी, लोग पूछते हैं खंबा कैसे उखड़ा. क्या बताऊँ?"

"बताइए कि रेलवे के एक दामले बाबू थे, उन्हें लगता था उनसे ग़लती नहीं होती."

त्यानं मला तिथल्या कॅप्टनसाहेबांकडे नेलं. माझ्या नातवंडांच्या वयाचे. त्यांनी खुर्ची दिली, चहा दिला. म्हणाले इतक्या वर्षांपूर्वीचे कागद आता सापडतील असं वाटत नाही, तरी तुम्ही लिहून द्या, मी वर पाठवतो. मी तिथंच लिहून दिलं. खाली सही केली.

घरी आल्यावर सुमनला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. हात थांबवून म्हणाली, "तो आलेला मला आठवतो. मी पाणी घेऊन आले होते आतून. तुम्ही दार लावून घेतलंत."

"पाणी आणलं होतंस?"

"आणलं होतं की. तांब्या घेऊन उभी होते. तुम्ही म्हणालात, त्याची काही गरज नाही."

हे मला अजिबात आठवत नव्हतं. चौकशीतलं माझं वाक्य शब्दन् शब्द आठवतं, आणि हे आठवत नाही.  जेवताना ती एवढंच म्हणाली, "अहो, तो असेल तर तुम्हाला जायला हवं. पत्रानं नाही, स्वतः."

बुधवारी ऋचानं सुट्टी काढली आणि आम्ही रिक्षा करून बरुआसागरला गेलो. नाव, वय आणि फौजेतून काढलेला, एवढ्या माहितीवर माणूस सापडेल असं मला वाटलं नव्हतं. पण बाजारात तिसऱ्याच माणसानं सांगितलं, "काए, बे तोप बारे? तला के ऊपर रत हैं, अदरक की खेती है उनकी." तळ्याच्या वर राहणारे, आल्याची शेती करणारे तोपवाले. या गावात चाळीस वर्षांहून जास्त काळ त्याचं हेच नाव होतं.

घर विटांचं, पुढं अंगण. आल्याच्या गड्ड्या पोत्यावर वाळत घातल्या होत्या आणि पांढऱ्या मिशांचा एक माणूस बसून त्यांची माती झाडत होता. मी ओळखलं नसतं. त्यानं मला ओळखलं. उठून उभा राहिला, म्हणाला, "आओ बाबूजी. ठाड़े काए हो, बैठो." खाट पुढं ओढली. ऋचालाही लेकीसारखं "बिन्नू, तुम सोई बैठो" म्हणाला. माझ्याविषयी त्याच्या मनात राग असेल याची मी वाटभर तयारी केली होती. तो नाही हे बघून माझी तयारी मोडली.

मग मी उभ्यानंच सांगितलं. लिव्हर, खाली, वर, पितळेची पट्टी, सगळं. "हरदयाल जी, लॉक शुरू से खुला था. मैंने ग़लत देखा. आपने कुछ नहीं किया था."

 आल्याची एक गड्डी त्याच्या हातात तशीच होती. म्हणाला, "हमने कछू नईं करो हतो?"

"नहीं."

"पर बाबूजी, हमने तो मान लई हती."

"क्या मान लिया था?"

"के हमाओ हाथ लगो हुइए." तो हळूहळू सांगत होता, मध्येच थांबत होता. माझ्या दारातून परत गेल्यावर त्यानं रात्रंदिवस तोच विचार केला होता. झाकण उघडलं तेव्हा हात कुठं होता, आत वाकलो तेव्हा कोपर कशाला लागलं. "आप इत्ते पक्के हते. इत्ते पढ़े-लिखे, रेल के बाबू. आपखों का गरज परी ती झूठ बोलबे की. सो हमने सोची, हमई भूल रए." मग त्यानं स्वतःहून लिहून दिलं होतं की आपला हात लागला असावा. सही केली होती. गावात येऊन बापाला तेच सांगितलं. बाप त्यानंतर सहा वर्षं जगला, त्याच्याशी बोलला नाही. बायकोला लग्नाआधी तेच सांगितलं. मुलांना सांगितलं, "हमसे बड़ी चूक भई ती, बेटा, बैठे-बिठाए स्टेसन तोड़ दओ, आदमी मर सकत ते." तो बाक त्यालाही तपासणीच्या वेळी दाखवला होता. त्या बाकावर माणसं बसलेली आहेत असं स्वप्न त्याला वर्षानुवर्षं पडत होतं.

मी एवढं धरून आलो होतो की हा माणूस चाळीस वर्षं मला खोटारडा म्हणत असेल. त्यानं मला खरं मानलं होतं. माझ्या शब्दावर विश्वास ठेवून त्यानं स्वतःची आठवण खोटी ठरवली होती. हे ऐकल्यावर मी खाटेवर बसलो. मी रडलो, हे इथं लिहायला मला लाज वाटत नाही. ऋचानं माझ्या पाठीवर हात ठेवला, तिच्याही डोळ्यांत पाणी होतं. मी म्हटलं, "माफ़ी माँगने आया हूँ. पर माफ़ी से क्या होगा, मुझे मालूम नहीं."

 हातातल्या गड्डीची माती हरदयालनं अंगठ्यानं झाडली आणि ती पोत्यावर ठेवली. मग घराच्या दाराकडं पाहिलं. आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता.

"बाबूजी," तो म्हणाला, "एक बेर और कै दो. तनक जोर सें. बहू चूल्हे पे है, ऊने नईं सुनी."

मी उठलो, दारापर्यंत गेलो आणि आत त्याच्या सुनेला ऐकू जाईल अशा आवाजात पहिल्यापासून पुन्हा सांगितलं.